कोतराकाठची दोन मजघरं

पूर्णिमा दिघे वाडी भागातल्या एका पोळात, जुन्या दाट गल्लीत, राहत होती आणि सयाजीगंजमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं काम करत होती. डिप्लोमा झाल्यावर आधी नकाशे काढायला बसली, मग साइटवर जाऊ लागली. घरात सगळे मास्तर किंवा कारकून, त्यामुळे मुलगी कडियांच्या, म्हणजे गवंड्यांच्या, मागे उन्हात उभी राहते हे वडिलांना बरीच वर्षं पटलं नाही. तिनं वाद घातला नाही, जात राहिली.

एकटीच्या जबाबदारीवर तिनं पहिलं घर बांधून घेतलं ते रखमाबाई नावाच्या शिक्षिकेचं. जमीन मागच्या बाजूला उतरती होती. तिथं माती टाकून जागा सपाट केली आणि आठवड्याभरात त्यावर स्लॅब ओतला. भराव नीट दाबला गेला नव्हता. पूर्णिमेला ते दिसत होतं, पण ठेकेदार वयानं मोठा, ती गप्प राहिली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवाणखाना दोन इंच खचला. रखमाबाईंनी तिला बोलावून भिंतीखालची फट दाखवली, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही इथं उभ्या असायचात, म्हणून मी निर्धास्त होते." ऑफिसच्या आर्किटेक्ट सरांनी दुरुस्ती करून दिली, तिला एका शब्दानं बोलले नाहीत. तरी ते वाक्य तिला लागलं ते लागलंच. त्यानंतर भरावाच्या बाबतीत ती कोणाचंही ऐकेनाशी झाली.

तीन वर्षांपूर्वी पादरा गावाच्या पुढं, मही नदीच्या कोतरांकडे, म्हणजे खोल घळींकडे, उतरणाऱ्या एका प्लॉटचं काम ऑफिसात आलं. मालक अभिजित खारकर आणि त्याची बायको मालविका, दोघंही नोकरदार. पूर्णिमेनं पाण्याची नळी लावून उतार मोजला. रस्त्यापासून मागच्या कुंपणापर्यंत साठ फुटांत साडेपाच फूट. नुसत्या घराच्या जागेतच साडेतीन फुटांचा फरक पडत होता. तिनं सुचवलं की घर दोन पातळ्यांवर बांधावं, पुढचा अर्धा भाग वर, मागचा दोन फूट खाली, मधे चार पायऱ्या. म्हणजे भराव कमी लागेल.

अभिजितला ते मान्य नव्हतं. त्याचे वडील बळवंतराव ब्याऐंशी वर्षांचे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन चालायचे. घरात एकही पायरी नको, सगळं एका पातळीत हवं, हा त्याचा हट्ट वडिलांसाठीच होता. त्यामुळे पूर्णिमेला त्याला चूक म्हणता येईना. विचार करून सांगते, म्हणून ती परतली.

ठेकेदार विक्रमसिंह तेवढं थांबला नाही. पातळी ठरायच्या आधीच पाया घालून कॉलम जमिनीच्या वर आणले होते. अभिजितनं फोनवर हो म्हटल्यावर त्यानं दोन दिवसांत मागच्या बाजूला डंपरनं माती ओतून घेतली. सोमवारी पूर्णिमा पोचली तेव्हा मागची कड जोत्याच्या उंचीपर्यंत पाच फूट भरलेली होती आणि सळ्या टाकायची तयारी चालली होती. तिनं काम थांबवायला सांगितलं. विक्रमसिंह म्हणाला, जेसीबी वरून चार वेळा फिरवलाय, पूर्णिमाबेन, आता काही होणार नाही.

ती भांडली नाही. कॉलमवर मातीच्या पातळीशी तिनं ठिकठिकाणी खडूच्या रेघा मारल्या, बांध घालायला लावले आणि भरावात दोन दिवस पाणी सोडायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी अभिजितलाही बोलावून घेतलं. माती मधे दोन इंच बसली होती, कडेला पाच. मग पूर्णिमेनं अभिजितला रखमाबाईंच्या घराची हकिगत सांगितली. स्वतःची चूकही सांगितली. विक्रमसिंह ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला की माती काढून घेतो.

पायऱ्यांचा प्रश्न तरी उरलाच होता. त्या रविवारी पूर्णिमा बळवंतरावांना भेटायला त्यांच्या भाड्याच्या घरी गेली. दिवसभरात तुम्ही कुठं कुठं जाता, असं तिनं त्यांना विचारलं. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं.

"मला हे अजून कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "खोली, बाथरूम, जेवायचं टेबल आणि रस्ता दिसेल अशी एक खुर्ची. बाकी घर तुम्ही कितीही खाली न्या."

तिनं नकाशा पुन्हा काढला. हे सगळं, स्वयंपाकघरासकट, वरच्या पातळीवर आलं. रस्त्यापासून दारापर्यंत पायरीऐवजी उतार ठेवला. मुलांच्या खोल्या आणि बसायची आणखी एक मोठी जागा खाली गेली. म्हणून मालविका त्या घराला दोन मजघरांचं घर म्हणू लागली. खालच्या भागाला लागला तेवढा भराव आठ-आठ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घेतला. कोतराच्या बाजूला दगडी भिंत बांधली, तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवली, आणि वरून येणारं पावसाचं पाणी घराला वळसा घालून जाईल अशी गटार काढली. काम अडीच महिने लांबलं. दिवाळीची वास्तुशांत संक्रांतीनंतर झाली. अभिजित त्यावरून थोडे दिवस धुसफुसला, मग विसरला.

दोन पावसाळे गेल्यावर पूर्णिमा नळी घेऊन पुन्हा गेली. खालचा स्लॅब जवळजवळ होता तिथंच होता, फरक सुताभराचा. बळवंतराव खुर्चीतून तिचं मोजणं बघत होते. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं का, असं त्यांनी विचारलं. चुकतं, म्हणून तिनं त्यांना बुडबुडा कसा काढायचा ते दाखवलं.

गेल्या महिन्यात विक्रमसिंहचा फोन आला. पादऱ्याजवळ तो स्वतःसाठी घर बांधत होता, जागा थोडी उतरती होती. पाया खणायच्या आधी एकदा येऊन बघाल का, असं त्यानं विचारलं. पूर्णिमेनं गुरुवारी रजा टाकली आणि सकाळच्या बसनं गेली.