पायाशिवाय बूट नाही

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते धर्माकाकांचे. सूर्या नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून, पागाचे जाळे फेकून धरलेल्या मासळीवर त्यांनी मला बी.ए. केले. बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागून पहिला पगार होताच त्यांच्यासाठी मांडीपर्यंतचे रबरी बूट घ्यायला मी बाजारात धावलो.

दुकानदार एडवणकडचा. कामावर जाता-येता मी त्याला रोज पाहायचो. बूट उचलून तळावर थाप मारायचा, कान लावून आवाज ऐकायचा आणि खूश होऊन हसायचा. दाराशी पाण्याचे घमेले आणि त्यात नदीतला शेवाळलेला दगड. बूट घालून प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यावर उभे राहायचे, ही त्याची रीत.

मी काकांच्या पायाच्या मापाची सुतळी पुढे केली.

"पाय कुठं हाय?" त्याने विचारले.

"गावी. त्यांना न सांगता न्यायचेत."

"मंग नाय देत! सुतळी घसरून पडते का कदी? मानूस पडतो!"

"ते नाही येणार. पायांच्या भेगांची लाज वाटते त्यांना."

त्याने पायजमा वर ओढला आणि आपली फुटलेली टाच दगडावर ठेवली. "सांगा त्यांना, इथं जोडीदार हाय!"

मी तसाच पोस्टात गेलो आणि उभ्याउभ्या कार्ड लिहिले:

"तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. रविवारी बोईसरला याच. बूट निवडलेत, पाय तुमचे हवेत. भेगांसकट या. दगडावर चढताना माझा खांदा धरा. नदी उतरताना मी तुमच्या खांद्यावर बसायचो."