अर्थ सांगा, मग घुगऱ्या

आमच्या मामांनी अमरावतीतल्या तान्ह्या बाळांच्या आईबापांना जेवढं छळलं, तेवढं त्या बाळांनीही रात्रभर रडून छळलं नसेल. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, देवळात जाऊन बसतात. मामांनी बारशी धरली. राजापेठेत कुठंही पाळणा सजला की आमंत्रण असो-नसो, मामा हजर. हातात वाटी आली की ती खाली ठेवायची आणि बाळाच्या बापाला म्हणायचं, "अर्थ सांगा, मग घुगऱ्या." की झाली त्या बापाची तोंडी परीक्षा सुरू.

शेजारच्या रियांशच्या बारशाला बापानं मोबाइलच पुढं केला. "गुरुजी, 'विष्णूचा अंश' असं लिहिलंय इथं."

"अंश तर दिसून राहिला मले," मामा म्हणाले, "विष्णू कुठी बसवला?"

बाळाची आजी डोळ्यांना पदर लावून आत गेली. मी मामांना दंडाला धरून घरी आणलं आणि चांगलं फैलावर घेतलं. माझं म्हणणं सरळ आहे, नाव हाक मारायला असतं. मी गणिताचे क्लास घेते. माझ्या हजेरीत तीन रियांश आहेत, तिघंही भागाकारात कच्चे आहेत आणि त्यात विष्णूचा काही दोष नाही. "अर्थ नसला तर पोरगं मोठं व्हायचं थांबतं का?" मी विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "थांबत नाही व माय. पन जनमभर रिकामं भांडं घेऊन फिरते."

संतापाची गोष्ट ही, की जगाला अर्थ विचारणारा हा माणूस स्वतःचं नाव कधी सांगत नसे. शाळेत गुरुजी, घरी मामा, दारावरच्या पाटीवर नुसती आद्याक्षरं. मला नाव माहीत होतं, कारण दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मीच त्यांना बँकेत नेत असे. तिथल्या मुलीनं एकदा ते नाव मोठ्यानं पुकारलं, तर मामा जागचे हलले नाहीत. मी काय त्यांच्या वतीनं जिवंत असल्याची सही करणार होते?

अशा माणसाला अकोल्याला, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या बारशाला न्यायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी, दोन जीव पोटातच गेल्यावर ही झाली. तीही सातव्या महिन्यात, एवढीशी. महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिथली नर्स तिला उचलून घेताना म्हणायची, "आओ हयात, दूध पियो." बाहेर बसलेली भावजय त्या एका हाकेवर दिवस काढायची. तिनं मला फोन केला, "ताई, आत्या तुम्ही. कानात हेच नाव सांगाल ना?" मी हो म्हटलं. पण तिच्या आईनं धोशा लावला, "आपल्यात असं नाव? लोक काय म्हणतील? मामांना विचारा, ते म्हणतील ते खरं." आणि परस्पर मामांना बोलावणंही धाडलं.

एसटीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी बजावत होते, "तिथं तोंड उघडायचं नाही. घुगऱ्या खायच्या आणि परत यायचं."

"मिठाबद्दल तरी बोलू देशीन का?" मामा म्हणाले.

पाळण्याभोवती बायका जमल्या आणि भावजयीच्या आईनं सगळ्यांसमोर विचारलंच, "गुरुजी, तुमीच सांगा. हयात म्हने! हे काय नाव झालं?"

मामांनी वाटी खाली ठेवली. मी पाळण्याची दोरी सोडून त्यांच्याकडे निघाले. भावजयीनं मान खाली घातली.

"कोनं ठेवलं हे नाव?" मामांनी तिला विचारलं.

"नर्सनं. पेटीतून उचलायच्या ना, त्या."

"उचललं तिनं?" मामा पाळण्याजवळ आले. मग म्हणाले, "माहं नाव उकंडा."

माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"माह्याआधी तीन गेले. म्हनून मायनं मले उकिरड्यावर ठेवलं. मरनाले वाटावं, का हा केर आहे. मंग शेजारच्या पिंजाऱ्याच्या चाचीनं उचलून आनलं अन् मायच्या ओटीत टाकलं. मी जगलो. अन् जनमभर त्या नावाले लाजलो." त्यांनी पाळण्यात पाहिलं. "हयात म्हंजे जितं असनं. पोरगी जिती आहे. अजून कोनता अर्थ पाह्यजे तुमाले?"

मी वाकून नाव कानात सांगितलं. मामांनी वाटी उचलली, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

पुढच्या नोव्हेंबरात दाखला द्यायला मामा राहिले नव्हते. बँकेची एक फेरी वाचली.

परवा राजापेठेतच एका बारशाला गेले होते. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी वाट पाहिली. अर्थ कोणीच विचारला नाही. असा राग आला म्हणून सांगू! हातात घुगऱ्यांची वाटी होती. ती मी खाली ठेवली.