बारवेवरचा दगड

भोकर तालुक्यातलं ते बारवेचं प्रकरण आठवलं की मला अजून माझंच हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या एक कंत्राटी बाई ठाण्यात आल्या. वर्षापूर्वी त्यांनी एका गावात बारवेच्या काठावरचा शिलालेख नोंदवला होता. फेरतपासणीला त्यांचे साहेब गेले, तर दगड गायब. बाईंच्या नोंदीतल्या फोटोतला दगड दुसरीकडचाच असेल, असं साहेबांचं म्हणणं. "नोंद बोगस ठरली तर मला कामावरून काढतील हो," बाई रडकुंडीला आल्या होत्या. मी चोरीचा अर्ज घेतला.

हवालदाराला घेऊन पंचनाम्याला गेलो; पोचल्यापासून तो फोटो काढत होता. गावची रीत म्हणून आधी बारवेजवळच्या नव्या देवळीत हात जोडले, कपाळाला शेंदूर लावून घेतला आणि मग रिकाम्या जागेचं माप घेतलं. जो तो म्हणे, "चोरी? आमच्या गावात न्हाई, सायेब." खोटं बोलणारा नजर चुकवतो, इथे सगळे डोळ्याला डोळा भिडवून सांगत होते. माझं डोकंच चालेना.

मग खबर आली, गावातल्या टेम्पोतून मोठा दगड नांदेडकडे गेला होता. टेम्पोवाल्याला ठाण्यात बसवलं. तासभर त्याचं एकच पालुपद, "दगड न्हाई नेला." शेवटी वैतागून विचारलं, "मग टेम्पोत होतं तरी काय?"

"देव व्हता. नांदेडला गोदागंगेत न्हाऊ घालून वापस आणला. तुमीच तर पाया पडलात की, सायेब!"

हवालदारानं तोंड फिरवलं. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

बाईंना घेऊन गाव गाठलं. देवळीचे म्हातारे पुजारी म्हणाले, "बाईच म्हणल्या व्हत्या, लई जुना हाय, जपा. मग उघड्यावर कसा ठिवावा?"

"आणि अक्षरं?" बाईंनी विचारलं.

"अक्षरावर शेंदूर थापला तर पाप लागतंय. ती बाजू मागं ठिवली."

देव आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बाईंनी मोबाइलचा उजेड धरला. अक्षरं जशीच्या तशी होती. त्या तिथंच मटकन बसून रडल्या.

याला चोरी म्हणावं की काय, ते मला आजही कळलेलं नाही. आठ दिवस मी गावाला काय गेलं ते विचारत होतो. नवीन काय आलं, हे एकदाही विचारलं नाही. पुढच्या नोकरीत तो प्रश्न मी कधी विसरलो नाही.

बाईंची नोकरी राहिली. त्यांच्या साहेबांनी दगड सापडल्याचा पुरावा म्हणून आमच्या पंचनाम्यातला पहिलाच फोटो मागून नेला. त्यात हरवलेल्या दगडासमोर मी डोळे मिटून, हात जोडून उभा आहे.