गोल अंड्यांची पारख

तुमसरच्या बाजाराला निघालेल्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि पायाशी ठेवलेल्या टोपलीतून लगेच एक कोंबडा आरवला. मागोमाग बाकीचेही. सगळी बस हसली. तिने टोपलीवर बांधलेल्या लुगड्याच्या तुकड्यावर हलकेच टिचकी मारली. "चूप राहा ना रे, बाप्पा!"

"एवढे कोंबडे?" मी विचारलं.

"साऱ्या मोहल्ल्याचे हायेत. माह्यापायीच झाले."

गोल अंड्यातून कोंबडी निघते आणि टोकदार अंड्यातून कोंबडा, असं तिला सासूने शिकवलं होतं. त्यामुळे कोणाचीही कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की बाया अंडी घेऊन हिच्याकडे यायच्या. ही गोल तेवढी निवडून द्यायची. यंदा पिल्लं मोठी झाली, डोक्यावर लाल तुरे आले आणि पहाटे अख्खा मोहल्ला आरवायला लागला. बायांनी सगळे कोंबडे हिच्याच अंगणात आणून सोडले. म्हणाल्या, आता तूच इक.

हे सांगताना तिने रिकाम्या तळहातावर अंडं फिरवून, एक डोळा मिटून दाखवलं. इतक्या ऐटीत, की माझाही विश्वास बसला.

"मग आता निवडणं सोडलं?"

"सोडू कायले?"

स्टँडवर उतरताच एका गिऱ्हाइकाने टोपलीतला कोंबडा उचलून हातावर तोलला. "मावशी, माल तं एकदम जबरदस्त हाये!"

तिने पदर खोचला. "राहीनच ना, भाऊ! एकेक अंडा निवडून बसवला होता म्या."