मक्याच्या राखेची वाट

बुलढाण्याहून देऊळघाटला जाणारी जीप भरेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. उतरले तेव्हा नसरीन रस्त्यावर उभी होती, केसांत राख, ओढणी कमरेला खोचलेली.

नसरीन माझी कॉलेजातली मैत्रीण. आता ती कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. तिचे अब्बा जन्मभर गवंडी. परांचीवरून पडल्यापासून त्यांचे पाय गेले. अंगणातल्या मातीत चाकाची खुर्ची रुतते, त्यामुळे त्यांचं जाणं-येणं उंबरठ्याशीच थांबलं होतं. दारापासून रस्त्यापर्यंत नसरीन काँक्रीटची वाट करणार होती, थोडं सिमेंट कमी करून त्या जागी मक्याची राख घालून. ते पाहायला मी पुण्याहून आले होते.

"दाने काढले का कणसं लोक बांधावर पेटवून देतात," ती म्हणाली. "मी भट्टीत जाळली, काळेपणा जाईपर्यंत. कॉलेजात ठोकळे करून मशीनखाली दाबले. टिकले."

अब्बांना हे पटलं नव्हतं. "राखीनं भांडे घासतेत, बाई," ते मला म्हणाले. "तुमी तरी सांगा इले. माह्या दारात तडा गेला, तं लोक काय म्हनतीन? गवंड्याच्या घरचं काम!"

 नसरीन राखेची चाळणी हलवत राहिली, पण तिचे डोळे भरले होते.

जेवायला भाकरी (इथे 'भाकर') आणि वांग्याचं भरीत होतं. ठेच्यानं मला ठसका लागला, तेव्हा अब्बा पहिल्यांदा हसले आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दुपारी काँक्रीटचा माल कालवायला घेतला. राखेचं घमेलं उचलताना मी घसरले आणि राख सगळी माझ्या अंगावर. पुन्हा चाळावी लागली. माल ओतून झाला, नसरीन थापीनं पृष्ठभाग सारखा करू लागली. दारातून अब्बा बघत होते.

"मले खाली बसव," ते अचानक म्हणाले.

"अब्बा, राखीचा माल हाये."

"माल कसाबी असो, कड सरळ पायजे."

आम्ही दोघींनी त्यांना उंबरठ्यापाशी पोत्यावर बसवलं. हात पोचेल तिथवर त्यांनी थापी फिरवली. नसरीन शेजारी बसून नुसती त्यांच्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी वाटेवर ओली गोणपाटं टाकून मी आठवडाभर संग्रामपूरला मावशीकडे गेले. तिच्या गच्चीवरून सातपुडा निळा दिसायचा. मी मात्र रोज नसरीनला फोन करून विचारायची, "तडा नाही ना गेला?" "पानी मारून राह्यली मी," एवढंच ती सांगायची.

परतीच्या वाटेवर पुन्हा देऊळघाटला उतरले. वाट वाळून करडी झाली होती. अब्बांनीच बोटानं केसाएवढी चीर दाखवली. मी घाबरले.

"काऊन घाबरता? इतकी तं निव्वळ सिमेंटलेबी पडते," ते म्हणाले.

मी निघाले तेव्हा त्यांनी खुर्चीची चाकं स्वतः ढकलली. नसरीन हात पुढे धरून मागून चालत होती, खुर्चीला न लावता. अर्ध्या वाटेवर तिनं हात खाली घेतले.

जीप आली. मागच्या खिडकीतून पाहिलं, तर अब्बा रस्त्याच्या कडेला बसून कुणाशीतरी बोलत होते, मी दिसेनाशी व्हायच्या आधीच मला विसरून. निरोप घेताना मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.