रास्ता रोको आणि सोयरीक

माझी राजकीय मतं ठाम आहेत. घरात ती कोणी विचारत नाही, म्हणून मी न विचारताच सांगतो.

सूसच्या आमच्या फ्लॅटमध्ये ही मतं रोज सकाळी पोह्यांबरोबर वाढली जातात. देशाला शिस्त हवी. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं. बायकांनी नोकरी जरूर करावी, पण स्वयंपाकाला उशीर होऊ देऊ नये (हे मत मी माझी बायको वंदना आत असताना जरा हळू मांडतो). आणि सगळ्यांत ठाम मत मोर्चे, धरणं आणि रास्ता रोको यांच्याबद्दल. "ज्यांना काम नाही ते रस्त्यावर बसतात," हे माझं आवडतं वाक्य. नांदेडहून नोकरीसाठी इकडे आल्यापासून मी साधा सिग्नलसुद्धा तोडलेला नाही. रात्री रस्ता रिकामा असला तरी मी लाल दिव्यापुढे उभा राहतो आणि मागचे लोक मला शिव्या देतात.

अशा माणसाची मुलगी एका रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाली, "बाबा, मला निखिलशी लग्न करायचंय. माझ्याच ऑफिसात आहे. कासार आंबोलीचा."

"आपल्यातला आहे का?"

"नाही."

"हे बघ सायली, मी जात मानत नाही," मी म्हणालो. "पण लोक मानतात."

"कुठले लोक?"

"नांदेडचे."

"नांदेडला आता आपलं कोण आहे?"

मी आठवू लागलो. एक चुलतभाऊ होता, पण बांधाच्या भांडणावरून त्याच्याशी बोलणं बंद होतं. त्याला काय वाटेल याची काळजी मी करतोय हे त्याला कळलं असतं, तर त्यालाच आनंदाचा झटका आला असता.

पावसाळाभर हा वाद चालला. मी मुलाला घरी बोलावू दिलं नाही, तिला तिकडे जाऊ दिलं नाही. शेवटी वंदना म्हणाली, "अहो, नाही म्हणायचं असलं तरी माणसं बघून तरी नाही म्हणा." हे मला शिस्तीला धरून वाटलं. म्हणून दसरा झाल्यावरच्या रविवारी आम्ही तिघं गाडीतून निघालो. सायली चालवत होती. मागच्या सीटवर मी होतो, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. सायलीने एकच अट घातली होती, की तिथे गेल्यावर राजकारणावर बोलायचं नाही. मी अट पाळली. तिथे पोचायच्या आतच बोललो.

पिरंगुट ओलांडलं आणि पुढच्या गाड्या थांबलेल्या दिसल्या. मी काच खाली करून एका दुचाकीवाल्याला विचारलं.

"रास्ता रोको हाय," तो म्हणाला. "शाळेम्होरं डंपर लई जोरात जात्यात. लोकांना स्पीडब्रेकर पायजे."

"म्हणून सगळ्यांचा रस्ता अडवायचा?"

"मला काय इचारता? मी बी अडाकलोयच की."

मी दार उघडलं. "बाबा, बसा गाडीत," सायली म्हणाली. वंदनाने फक्त डोळे मिटले. लग्नानंतर काही वर्षांनी माणूस असं डोळे मिटायला शिकतो.

मी चालत पुढे गेलो. शंभरेक माणसं भर रस्त्यात मांडी घालून बसली होती, त्यांत बायका जास्त. मध्ये एक धिप्पाड गृहस्थ माईक घेऊन उभे होते. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, मिशा अशा की त्यांच्यावर पाखरांनी बसावं.

"इथला प्रमुख कोण?" मी विचारलं.

"मीच समजा. काय म्हननं हाय सायबांचं?"

"मला या लोकांना चार शब्द सुनावायचे आहेत."

"बोला की," असं म्हणून त्यांनी सरळ माईक माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं नाही म्हणतील, मग मी निषेध करून परत जाईन. आता बोलणं भाग होतं.

मी घसा साफ केला आणि कडक आवाजात म्हणालो, "हा रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे का?"

हे मी त्यांना उद्देशून म्हटलं होतं. ते डंपरवाल्यांना उद्देशून आहे असं त्यांना वाटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी गोंधळलो. पण बोलणं सोडलं नाही. "कायदा सगळ्यांना सारखा पाहिजे!" पुन्हा टाळ्या. "इतका वेळ हे चाललंय, अधिकारी झोपलेत काय?" माझा अर्थ असा होता, की या लोकांना अजून कोणी उठवलं कसं नाही. त्यावर एका आजीबाईंनी उठून माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर मी घरात देशाच्या प्रश्नांवर बोलत आलो, आणि एकदाही टाळी पडली नव्हती. माझं सगळ्यांत लांब भाषण कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला संपायचं. इथे लोक तोंडाकडे बघत होते. टाळ्यांची चटक फार वाईट. मी नकळत वळायला लागलो, शाळेवर आलो, पोरांवर आलो. "उद्या एखादं लेकरू या चाकाखाली आलं, तर त्याच्या आईला काय सांगणार?" असं म्हणालो तेव्हा माझाच आवाज कापरा झाला, आणि मला कळलं की हे आपण खरंच म्हणतोय. शेवटी मी म्हणालो, "हा गतिरोधक झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही," आणि खाली बसलो.

तेवढ्यात पोलीस आले.

साहेबांनी विचारलं, "पुढारी कोण?" धिप्पाड गृहस्थ उठून उभे राहिले. बाकी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "मी फक्त विरोध करायला आलो होतो." "तेच तर," साहेब म्हणाले आणि आम्हा दोघांना गाडीत बसवलं. रस्ता मोकळा झाला. आमची कार शेजारून हळूहळू पुढे गेली. सायली माझ्याकडे बघत होती. वंदनाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

पोलिसांच्या गाडीत ते गृहस्थ माझ्या शेजारी बसले. नाव बबनराव. थोड्या वेळाने त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"माझी आज घरात काय धडगत न्हाई बघा. पाव्हनं यायचं हायेत, पोराच्या सोयरिकीला. पोरीचा बाप लई कडक म्हनं. मोर्चावाला मानूस दिसला की त्याचं डोस्कंच फिरतं. पोरानं हात जोडलं हुतं, तात्या, आजचा दीस तेवढं रस्त्यावर बसू नगा."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "कुठले पाहुणे?"

"सूसचं."

मी रुमाल काढला.

"काय वो, घाम फुटला तुमाला? भिऊ नगा, चा पाजून सोडत्यात. आन तुमी कुटं निगाला हुता?"

खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सुचलंही नाही. मी म्हणालो, "तुमच्याकडेच."

समोर बसलेला हवालदार तंबाखू मळायचा थांबला. बबनरावांनी उपरणं सारखं केलं, मिशीवरून हात फिरवला, आणि भर पोलिसांच्या गाडीत वाकून मला नमस्कार केला. मीही केला. मग ते म्हणाले, "घरचं सगळं बरं हाय न्हवं?"

ठाण्यात साहेबांनी नावं लिहून घेतली, समज दिली आणि खरंच चहा पाजला. बाहेर गावची मंडळी जीप घेऊन उभी होती. त्यांनी आमच्या दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. त्या अवस्थेत आम्ही कासार आंबोलीला बबनरावांच्या दारात उतरलो.

तिकडे घरात वंदना निखिलच्या आईला सांगत होती, की ह्यांना अचानक ऑफिसचं काम निघालं. निखिलची आई वंदनाला सांगत होती, की मालक रानात गेलेत. दोघी एकमेकींचं बोलणं मनापासून पटल्यासारखं माना हलवत होत्या. आणि दारात आम्ही दोघं, हारासकट.

निखिल चटकन पुढे आला. माझ्या पाया पडावं की वडिलांवर चिडावं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो पाया पडला, पण वडिलांच्या. घाईत चुकला. पोरगा मला तिथेच आवडला.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. मी घरून निघताना प्रश्न पाठ केले होते: घराणं काय, चालीरीती कशा, आमच्यातल्या पद्धती सांभाळाल का. पोलीस ठाण्यातून आलेल्या माणसाने घराण्याची चौकशी कोणत्या तोंडाने करायची? मी मुकाट्याने दुसरी भाकरी घेतली आणि म्हणालो, "आमची काही हरकत नाही."

निखिलच्या आईने पदराने कपाळ पुसलं. "बरं झालं बाई," त्या वंदनाला म्हणाल्या. "आमच्यातबी लई दीस भांडान चाललं हुतं. तुमी आमच्यातलं न्हाई ना. भावकी म्हनत हुती, पोरीचा बाप हाफिसातला, नाकासमोर चालनारा, असल्या मानसाशी सोयरीक नगं."

मी घास हातात धरून विचारलं, "मग?"

"मग आता काय? मघाशी समद्यांनी बघितलं, तुमास्नी पोलिसांनी नेलं. भावकी म्हनली, मानूस चांगल्या घरचा दिसतोय."