तेहतिसातला एक अनारसा

परदेश म्हटलं की तुम्हाला विमान, बर्फ, गोरी माणसं दिसायला लागली असतील. जरा थांबा. माझ्या परदेशाला उदगीरहून लाल एसटी जाते आणि तिथं बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो. हैदराबाद! पण पाटी वाचता येत नाही, बोललेलं कळत नाही, कुठल्या दारानं घुसायचं तेही समजत नाही. परदेशाला आणखी काय शिंगं असतात?

कामगिरी मोठी होती. ताईचं लग्न नवं, त्यात अधिक महिना. म्हणजे दाजींना अनारशाचं वाण पोचवायचं. आईनं स्टीलचा डबा माझ्या हातात दिला आणि बजावलं (तिचा आवाज मी हुबेहूब काढतो, तुम्ही नुसती कल्पना करा), "तेहतीस आहेत. तेहतीसच्या तेहतीस, अख्खे, जावयाच्या हातात पडले पाहिजेत. त्यांच्या आधी कुणी चाखायचं नाही. तू तर वासपण घ्यायचा नाहीस."

हैदराबादच्या स्टँडवर उतरून ताईच्या भागाची, नल्लकुंट्याची, सिटी बस धरली आणि लगेच घोळ घातला. आमच्या एसटीला दार एकच. इथं दोन, आणि पुढचं बायकांचं. मी पुढून घुसलो. बायकांना तिकीट माफ, त्यामुळं बस गच्च, आणि मधोमध मी, डबा डोक्यावर धरून. कंडक्टरबाई तेलुगूत कडाडल्या. शब्द एक कळला नाही, अपमान पूर्ण पोचला. मागं जावं तर डब्याला चारी बाजूंनी कोपरं. आत अनारशांचा चुरा होणार, आणि घरी माझा.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मावशींनी हात पुढं केला. "डब्बा इधर देव बेटा, पिचक जाता."

दिला. आणि गर्दीनं मला थेट मागच्या टोकाला नेऊन टाकलं. वाण पुढं, मी मागं, मध्ये अख्खं हैदराबाद.

दोन सिग्नल गेले, तर पुढून हाक. "ओ बेटा! क्या है जी इसमें? भोत महक रा!"

"अनारसे!" मी ओरडलो. कुणालाच कळेना. मावशींनी झाकण किलकिलं केलं आणि त्यांचा चेहराच फुलला. "अरे, अरिसेलु!" अर्धी बस वळून बघायला लागली. त्यांच्यातही हेच करतात म्हणे, वर तीळ लावून. मावशींनी शेजारच्या पोरीकडं बोट केलं. "मेरी बहू पेट से है. एक देऊं क्या इसकू?"

सगळी बस माझ्याकडं बघतेय. आई म्हणाली होती, कुणी चाखायचं नाही. पण पोटुशीला नाही म्हणायचं नाही, हेही आईचंच.

"हौ, देव!"

तिनं डोळे मिटून घास घेतला. ओठाला खसखस चिकटली. तूप-गुळाचा वास मागच्या सीटपर्यंत आला, आणि इतका वेळ एकमेकींच्या अंगावर ओरडणाऱ्या बायका एकमेकींना पाकाच्या गोष्टी सांगायला लागल्या. भाषा कळत नव्हती, पण पाक किती ताणायचा ते बोटांवरून कळत होतं. घामानं भिजलेलो, एका पायावर उभा, आणि मला वाटलं, ही बस आणखी थोडी अडकली तरी चालेल.

माझा थांबा आला तर दाराकडं वाट नाही. दर थांब्याला कानावर पडलेलं 'पुढं सरका' मी सरळ कंडक्टरबाईंच्या आवाजात काढलं, "मुंदुकु जरगंडी! जरगंडी!" लोकं झटकन सरकली! बाई स्वतः दचकल्या, मग खो खो हसल्या. खाली उतरून पुढच्या दाराशी पळालो, तर डबा बायकांच्या डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, डुलत येत होता. झाकणावर कुणीतरी केसातल्या मोगऱ्याचा तुकडा ठेवला होता.

ताईकडं पोचलो. बत्तीस, पण एकाला चीर नाही. मी सगळ्यांचे आवाज काढून किस्सा सांगितला. दाजी हसून लोटपोट. ताईनं मात्र कपाळावर हात मारला, "वाण मोडलंस रे!" आणि आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

सगळी तक्रार ओतली. मग आईचा पहिला प्रश्न मला.

"पोटुशी होती?"

"हो."

"आणि तू एक दिलास? दोन जिवांच्या बाईच्या हातावर एक? तिची सासू कोरडीच बसली? कंडक्टरचा आवाज काढायला तोंड उघडतं, मेल्या, आणि 'आणखी घ्या' म्हणायला दातखिळी बसली होती का?"